गवयाच्या डोक्यावर बोका

चि. भावोजी यांना वहिनीचे आशीर्वाद.

वहिनी म्हणजे मी, तुमच्या थोरल्या भावाची बायको. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण मागच्या खेपेला फोनवर तुम्ही माझ्याशी बराच वेळ गोडगोड बोललात आणि शेवटी म्हणालात, 'बरं ताई, ठेवतो.' भावोजी, तुम्हाला ताई नाही. कधीच नव्हती. ही ताई कोण, हे माझ्या धाकट्या जाऊबाईंनी तुम्हाला विचारलंच असेल, म्हणून मी त्यात पडत नाही. तुमचे केस पांढरे होऊन निम्मे गळूनही गेले असले तरी माझ्या लेखी तुम्ही चिरंजीवच, म्हणून वर 'चि.' घालायला सांगितलं आहे. तब्येत कशी आहे? गुडघे, रक्तदाब, पोट, सगळ्याची चौकशी केली असं समजा. चष्मा सापडत नसेल तर कपाळावर हात लावून बघा आणि मगच पुढे वाचा.

पत्र माझी सून लिहिते आहे. मला अक्षरं येत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे, निदान एके काळी होतं. आमचा करार असा, की मी बोलेन तसं तिने लिहायचं, सुधारायचं नाही, आणि 'आई, हे कसं दिसेल?' असं विचारायचं नाही. कंस मला आवडतात. दुकानात गिऱ्हाइकासमोर जे बोलायचं नसे ते तुमचे दादा मान वळवून हळूच बोलत. कंस म्हणजे तेच, असं सुनेने मला समजावलं आहे. (तिलाही अधूनमधून एखादा कंस देईन म्हटलं आहे.) (मिळाला. सून.)

हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे. मला तुमच्याकडून काहीही नको आहे. एवढं नीट लक्षात ठेवा, म्हणजे तुम्हाला ठेवता येईल तेवढं.

तर झालं असं, की माझ्या गुडघ्यांनी जिन्याशी भांडण काढलं. वर जाताना डावा कुरकुरतो, खाली येताना उजवा, आणि मधल्या पायरीवर दोघं मिळून. मुलाने हे बघितलं आणि ठरवून टाकलं की आईचा पलंग खाली आणायचा. खाली खोली एकच, रस्त्याकडची, तुमच्या दादांची रेडिओ दुरुस्तीची. तिथे त्यांचं टेबल, टेबलावर ती दोन यंत्रं, आणि यंत्रांवर ते गेल्यापासूनची धूळ. मुलाने भंगारवाल्याला सांगून ठेवलं, सुताराला पलंगाचं माप दिलं आणि मग मला कळवलं. मुलगा वाईट नाही हो. आईला खाली आणायचं म्हणून बापाला बाहेर काढत होता, एवढंच.

यंत्रं कुठली, हे तुम्ही विसरला असाल. (ज्या टेबलावर बसून तुम्ही दादांच्या हाताखाली काम शिकलात, त्याच टेबलावरची.) एक म्हणजे सिग्नल जनरेटर, ज्याला मी गवई म्हणते. राखाडी पत्र्याची जड पेटी, पुढे मोठी तबकडी. तबकडी फिरवाल तो सूर हा लावतो, खर्जापासून शिट्टीपर्यंत, न दमता, न खाकरता, आणि वाहवा न मागता. दुसरा ऑसिलोस्कोप, म्हणजे आमचा आरसा. त्याच्या गोल काचेवर हिरवी रेघ असते. गवयाचा सूर तारेने त्याच्यात सोडला की सूर डोळ्यांना दिसतो, लाटेसारखा. मुका झालेला रेडिओ आला की गवयाचा सूर त्याच्या एका टोकाला सोडायचा आणि आरशाची तार आत एकेक ठिकाणी टेकवत जायची. जिथे लाट वाकडी झाली तिथे दुखणं. दादा रेडिओत मान घालून तार टेकवायचे आणि मी समोर बसून आरशात बघून सांगायची: ठीक, ठीक, वाकली, गेली. माझी शाळा ती एवढीच. तिच्यात मात्र मी कधी नापास झाले नाही.

म्हणून मी मुलाला म्हटलं, चालू यंत्र भंगारात जात नाही. तो म्हणाला, 'पण आई, चालू आहेत का ती?' हळूच म्हणाला, पण म्हणाला. ते मलाही माहीत नव्हतं. मग रविवारचा वायदा ठरला. रविवारी तो कचेरीतलं, आकडे दाखवणारं नवं मीटर लावून बघेल. गवयाने तबकडी सांगेल तो सूर अचूक लावला आणि आरशाने तो नीट दाखवला, तर यंत्रं तिथेच राहतील आणि पलंगाचं काय करायचं ते तो बघेल. नाही, तर त्याच दिवशी भंगारवाला गाडी घेऊन दारात असेल. मी कबूल केलं. सून मधे पडून काही सौम्य बोलणार होती, तिला मी खुणेनेच सांगितलं की तूसुद्धा माझ्या बाजूने आहेस. (मला ते तेव्हाच कळलं. सून.)

आता, वर्षानुवर्षं उपाशी असलेल्या यंत्राला एकदम वीज द्यायची नसते. त्याच्या आधी मधे एक बल्ब जोडायचा. बल्ब भगभगला तर आत काहीतरी जळायला निघालं आहे, मिणमिणला तर ठीक. पण तो बल्ब आत तार तापणारा जुन्या पद्धतीचा लागतो, आणि आमच्या घरातले सगळे दिवे आता ते थंड, पांढरे, शहाण्यासारखे. सुनेने विजेच्या दुकानात जुना बल्ब मागितला तर दुकानदाराने तिला बसायला स्टूल दिलं, इतकी त्याला तिची दया आली. शेवटी मागच्या गल्लीत एक बाई कोंबड्या पाळते, तिच्याकडे मिळाला. पिल्लांना ऊब द्यायला तिने तो खोक्यात टांगलेला होता. ऊन आहे तोवर न्या, ऊन उतरायच्या आत परत करा, पिल्लं गारठतील, या अटीवर दिला. म्हणजे बघा, तुमच्या दादांचं कुठलं काम कधी वेळेत झालं नाही, आणि आमच्या कामाला मात्र कोंबडीच्या पिल्लांनी वेळ लावून दिली.

खटका दाबण्याआधी मी सुनेला पहिला नियम शिकवला, तो तुम्हालाही दादांनी शिकवला होता. (तुम्ही तो विसरलात आणि टेबलापासून भिंतीपर्यंत उडालात, ते मी विसरलेले नाही.) आत हात घालायचा तो एकच, दुसरा कमरेमागे. दोन्ही हात आत गेले की वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्याने बाहेर पडते. सून शहाणी. एक हात कमरेमागे धरून, ओणवी होऊन, चिमट्याने तारा चाचपत राहिली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने खिडकीतून हे बघितलं आणि मला म्हणाला, सुनेला अशी शिक्षा करणं बरं नव्हे. मी म्हटलं, अजून चुकली नाही, चुकली की करीन.

मग खटका दाबला. बल्ब असा भगभगला की कोंबडीवालीने तो दिला म्हणून तिला मनातल्या मनात हात जोडले, आणि तेवढ्यात आरशाच्या पोटात ठाप झालं. जुना कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारी कागदी नळी, फुटला. खोलीभर कागदाचे कपटे उडाले, निम्मे सुनेच्या केसांत. वास असा, की वरून मुलाने ओरडून विचारलं, काय करपलं? मी ओरडून सांगितलं, भाजी. (त्या दिवशी खरोखरच भाजी करपवावी लागली. आईंचा शब्द राखायचा म्हणून. सून.) नवा कंडेन्सर आणला, मी सांगत गेले आणि सुनेने तारांना कथलाचा डाग दिला. तिचा पहिला डाग शेवयांच्या गुंत्यासारखा झाला, दुसरा पावट्यासारखा, तिसरा मात्र तुमच्या सगळ्या डागांपेक्षा चांगला. बल्ब मिणमिणला. आरशात हिरवी रेघ उगवली. पिल्लांचा बल्ब पिल्लांना परत गेला. मला वाटलं, जिंकलो.

इथेच माती खाल्ली. नीट वाचा, कारण अशी चूक दोन माणसांनी मिळून, अगदी मन लावून काम केल्याशिवाय होत नाही. गवयाची तबकडी खरं बोलते का हे तपासायला आम्ही आरसा वापरला. आरशात लाटा जशा पडायला हव्यात तशा पडेपर्यंत गवयाला आतून पिळलं. पण त्याच्या आदल्या दिवशी आरसा खरा आहे का हे तपासायला आम्ही काय वापरलं होतं? गवई! त्याचा सूर बरोबर धरून आरशाला पिळलं होतं. दोघांचं इतकं जुळलं, इतकं जुळलं, की सुनेने टाळ्या वाजवल्या आणि मी चहात साखर जास्त घालून घेतली. जेवताना मुलाने ऐकून घेतलं, घास गिळला आणि विचारलं, आई, दोन मित्रांनी एकमेकांच्या वागणुकीचा दाखला दिला तर तू तो धरशील का?

भावोजी, मला तत्काळ तुम्ही आणि तुमचा तो सायकलवाला मित्र आठवलात. दुपारभर आम्ही दोघं दुकानातच होतो असं तुम्ही त्याच्याबद्दल सांगत होतात आणि तो तुमच्याबद्दल, आणि दोघांच्याही केसांतून नदीचं पाणी गळत होतं. मुलगा बरोबर होता. (हे लिही, पण त्याला दाखवू नकोस.) गवई आणि आरसा दोघंही सारखेच खोटे असू शकतात, आणि एकमताने खोटे. आम्ही दोघी तशाच ताटावरून उठून खाली गेलो आणि त्या दोन लबाडांकडे नुसत्या बघत बसलो.

तिसरा साक्षीदार हवा होता, ज्याचं या दोघांपैकी कुणाशीच नातं नाही असा. दादा काय करायचे ते मला आठवेना. ते पेटीच्या मागे असायचे, मी पुढे. मला फक्त चित्र दिसायचं. तेव्हा मी डोळे मिटून चित्रच आठवलं: बांगडी. आरशात हिरवी बांगडी यायची, गरगर फिरायची, कोलमडायची, लंबुळकी व्हायची, आणि दादा मागून विचारायचे, थांबली का? बांगडी कधी यायची? तर जेव्हा ते एक तार भिंतीकडे नेत तेव्हा. सुनेने भिंतीकडे बघितलं. भिंतीत विजेचा प्लग. आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला, कारण ती शिकलेली आहे: खांबावरून येणारी वीज स्वतःच एका ठरलेल्या ठेक्यात, सेकंदाला पन्नास वेळा, हेलकावे खाते. घराघरात, फुकट, आणि तिला आमच्या गवयाशी काही देणंघेणं नाही. (वीज थेट जोडली नाही, ताण उतरवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून घेतली. काका काळजी करतील म्हणून लिहिते. सून.) (काका काळजी करणार नाहीत, पण लिहिलंस ते बरं.)

आरशाला एकीकडून वीज दिली, दुसरीकडून गवई. दोघांचा ठेका जुळला तर बांगडी, आणि अगदी तंतोतंत जुळला तर ती बांगडी जागच्या जागी उभी राहते. सून तबकडी पन्नासच्या आकड्यावर आणून म्हणाली, घ्या. बांगडी फिरतच होती. सून म्हणे, आकडा तर बरोबर आहे. मी म्हटलं, आकडा सोड, लाल ठिपका बघ. मला आकडे वाचता येत नाहीत म्हणून दादांनी तबकडीवर माझ्यासाठी नखपॉलिशचे ठिपके दिले होते, लाल, गुलाबी, आणि एक तो भयंकर जांभळा. लाल ठिपका छापलेल्या पन्नासच्या जरासा अलीकडे होता. सुनेला वाटे, दादांचा हात हलला असेल. तबकडी ठिपक्यावर आणली आणि बांगडी जवळजवळ थांबली. म्हणजे छापलेला आकडा चुकीचा होता आणि ठिपका बरोबर. छापलेलंही खोटं असू शकतं हे बघून, अक्षरं न शिकल्याची जी काही रुखरुख मला होती ती त्या दिवशी बरीच कमी झाली.

उरलेला थोडा फरक आतला पेच फिरवून काढायचा. त्याला लोखंडी पेचकस चालत नाही, आत लोखंड गेलं की सूर सरकतो आणि बाहेर काढलं की पुन्हा सरकतो. दादांनी माझी एक प्लास्टिकची विणकामाची सुई टोकाला घासून त्यासाठी घेतली होती. (त्यामुळे तुमचा तो निळा स्वेटर एका बाहीचा राहिला. तुम्हाला वाटलं असेल मी विसरले.) सून पेटीच्या मागे सुई घेऊन, एक हात कमरेमागे, आणि मी पुढे. किती वर्षांनी मी त्या स्टुलावर बसले. ती मागून विचारू लागली, आई, गोल झाली का? आणि माझ्या तोंडून दादांचंच वाक्य निघालं, की गोल नसली तरी चालेल, थांबली पाहिजे. गोल, लांबट, तिरकी, कशीही असो. थांबली की खरी. शनिवारी सकाळी ती थांबली. दुप्पट ठेक्याच्या गुलाबी ठिपक्यावर दुहेरी वेटोळं यायला हवं (सून त्याला आडवा आठ म्हणते, मला तो चष्मा दिसतो), तेही आलं आणि थांबलं. बोक्याने एकदा डोळे उघडून आमच्याकडे बघितलं.

बोक्याचं सांगायचं राहिलंच. घरात एक बोका आहे, पिवळा, रुंद, आणि कामाचा शून्य. गवयाच्या आतले व्हॉल्व्ह, म्हणजे ते काचेचे दिवे, तापले की पेटीचं झाकण छान कोमट होतं. झाकणाला ऊब बाहेर जायला भोकं आहेत. पहिल्या दिवसापासून बोक्याने त्या भोकांवर आपलं पोट ठेवून दिलं होतं, ते थेट शनिवारपर्यंत. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की तो आम्हाला दिसेनासाच झाला.

रविवार उजाडला. मुलगा मीटर घेऊन आला, ते एवढंसं, डब्यातल्या साबणासारखं. सुतार पलंगाच्या फळ्या घेऊन आला आणि ओसरीत ठोकायला बसला. भंगारवाला गाडी दाराशी लावून दोरी सोडवत उभा राहिला. माणूस सभ्य, पण नजर टेबलावर. मी यंत्रं सकाळीच लावून ठेवली होती, कारण थंड यंत्राच्या शब्दावर आणि चहा न घेतलेल्या पुरुषाच्या शब्दावर विसंबायचं नाही. तबकडी लाल ठिपक्यावर. मुलाने मीटर जोडलं. आकडा आला आणि सुनेचा चेहरा पडला. मला आकडा वाचायची गरज नव्हती, मला आरशात दिसत होतं. बांगडी चालायला लागली होती. आधी रमतगमत, मग चक्क गरगर. मुलगा नुसता मीटरकडे बघत राहिला, आणि भावोजी, मला तेच जास्त लागलं. तो जिंकल्यासारखा दिसला असता तर मी भांडले तरी असते.

सुनेने सुई पुढे केली. मी म्हटलं, हात लावू नकोस. काल थांबली होती ती थांबली होती, मी स्वतः बघितलं आहे. पेच हलला नाही, तार हलली नाही, ठिपका जागचा हलला नाही. मग काय हललं? भंगारवाला खोकला. सुतार ठोकत होता. मी उठले आणि गवयाच्या झाकणावर हात ठेवला. नुसतं कोमट, रोजच्यासारखं गरम नाही. आणि हाताला लागले केस. पिवळे.

बोका हलला होता!

ठोकाठोक ऐकून तो सकाळीच पसार झाला होता. आठवडाभर आम्ही गवयाचा सूर जुळवला तो बोका डोक्यावर असताना, भोकं बुजलेली आणि पोटात जास्तीची ऊब असताना. बोका गेला, ऊब गेली, सूर सरकला. आमचं सगळं मोजमाप बोक्यासकट बरोबर होतं. मी म्हटलं, बोका आणा. मुलगा म्हणाला, 'आई, बोका हा यंत्राचा भाग नाही.' मी म्हटलं, तुझं मीटर कचेरीतून दरसाल तपासायला पाठवतात ना, तसा आमचा बोका आहे; शोध. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असणार की गुडघ्यांचं आता वर चढलं. पण गेला बिचारा शोधायला. पलंगाच्या फळ्यांखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, कोंबडीवालीकडेही बघितलं (तिथे त्याच्या नावाने आधीच बोंब होती). शेवटी भंगारवाल्यानेच हाक मारली. बोका त्याच्या गाडीत, पोत्यांवर, अंगाचं वेटोळं करून झोपला होता. म्हणजे यंत्राच्या आधी यंत्राचा भाग भंगारात जाऊन बसला होता.

आणून ठेवला तर बसेना. सुताराची हातोडी पडली की उडी. तेव्हा मी मुलाला स्टुलावर बसवलं, बोका गवयावर ठेवला आणि म्हटलं, धर. मुलगा बसला. एका हाताने बोक्याला दाबून, समोर बापाचं यंत्र. सुताराने आपणहून हातोडी खाली ठेवली आणि येऊन उभा राहिला. भंगारवालाही चौकटीत आला. ऊब चढायला वेळ लागतो. बोका घुरघुरायला लागला. बांगडीची चाल मंदावली, आणखी मंदावली, दमल्यासारखी झाली. सून मीटरचे आकडे वाचत होती ते तिने मधेच वाचायचे सोडले. आणि मी बघते तर मुलाचा दुसरा हात. कुणी सांगितलं नव्हतं, पेटी बंद होती, आत हात घालायचा प्रश्नच नव्हता. तरी तो हात त्याने कमरेमागे धरलेला. लहानपणी दादांच्या शेजारी उभा राहायचा तेव्हा असाच धरायचा.

बांगडी थांबली. 'आला!' असं ओरडला कोण, तर भंगारवाला. त्याला मीटर वाचता येत होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

पण सुख म्हणून सरळ मिळेल तर शपथ. सगळे गवयाकडे बघत असताना माझी नजर आरशावर. बांगडी थांबली खरी, पण लहान व्हायला लागली. बशीएवढी होती ती वाटीएवढी झाली, मग बटणाएवढी, मग नुसता ठिपका, आणि मग काहीच नाही. आरशाचा एक व्हॉल्व्ह आयुष्यभराची चाकरी करून त्या क्षणी गेला. मुलाने निकाल दिला. गवई पास, बोक्यासकट. आरसा नापास, पण काम चालू असताना गेला म्हणून त्याला पुढच्या रविवारपर्यंत मुदत. निकाल रास्त होता. मी तो मान्य केला. भंगारवाला रिकामी गाडी घेऊन गेला आणि जाताना बोक्याला खाजवून गेला.

तर अशी इकडची खुशाली. घरात सगळे बरे आहेत, पलंग उभा राहिला आहे, मी कोसळलेले नाही. जाऊबाईंना आशीर्वाद. तुम्ही स्वतःला सांभाळा, आणि कुठे ठेवलंत ते विसरू नका.

तुमची वहिनी
(ताई नव्हे)

ता. क. मला काही नको म्हटलं होतं, ते अजूनही तसंच आहे. जे माझंच आहे ते परत हवं आहे. आरशाला लागणारा तसाच दुसरा व्हॉल्व्ह दादांनी आणून ठेवला होता. तो तुम्ही तुमच्या रेडिओसाठी म्हणून, 'दोन दिवसांत आणून देतो' असं सांगून नेलात. तो तुमच्या रेडिओला बसला नाही, कारण तो रेडिओचा नव्हताच. दादांना ते माहीत होतं. तुम्ही मागितलात म्हणून त्यांनी दिला. ते दोन दिवस आता भरले आहेत. कुठे ठेवला हे तुम्हाला आठवणार नाही, म्हणून जाऊबाईंना विचारून ठेवलं आहे. तुमच्या काचेच्या कपाटात, बंद पडलेल्या घड्याळाच्या शेजारी, शोभेची वस्तू म्हणून उभा आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोन तुमच्या कानापर्यंतच जातो. पत्र जाऊबाईंच्या हातात पडतं.

ता. क. (सुनेचा) काका, हे आईंना न सांगता लिहिते आहे. भंगारवाल्याला यांनी रविवारी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, की आता येऊ नका. पलंग दुसऱ्या भिंतीला लावला, छान बसला. हे रोज कचेरीतून आले की गवयासमोर जाऊन बसतात, बोक्याला धरण्याच्या निमित्ताने. आईंना कृपा करून कळवू नका. मुदत आहे असं समजून त्या सकाळपासून कामाला लागतात, आणि रविवारपासून या पत्राबाहेर एकदाही 'गुडघा' हा शब्द त्यांनी काढलेला नाही.

ता. क. माझा. मघाशी मी गप्प बसले होते आणि सुनेची लेखणी मात्र चालली होती. मला वाचता येत नाही, पण रेघ कधी वाकली ते कळतं. भंगारवाला येणार नाही, हेच लिहिलं ना तिने? मला ठाऊक आहे. तो स्वतःच सांगून गेला, परवा बोक्याची चौकशी करायला आला होता तेव्हा. (आईंनी हे मला लिहायला लावलं. माझे कान लाल झाले आहेत. सून.) तरीही व्हॉल्व्ह पाठवा, आणि रविवारच्या आत. मुदत मुलाने सोडली असेल, मी सोडलेली नाही. आरसा राहू दिला म्हणून राहणार नाही, चालतो म्हणून राहील. तो लागला की मला पुन्हा समोर बसायचं आहे आणि मुलाला पेटीच्या मागे बसवायचं आहे. त्याला सुई धरता येते का ते बघते.

पाठवताना कापसात गुंडाळू नका, कापूस दबतो आणि काच फुटते. मोठ्या डब्यात मक्याच्या लाह्या भरा, अगदी काठोकाठ, आणि व्हॉल्व्ह त्यांच्या मधोमध उभा खोचा. डबा बंद करण्याआधी तो आत आहे ना, हे जाऊबाईंना बघू द्या, तुम्ही नको. लाह्या वाटेत मऊ पडल्या तरी चालतील, आम्ही तव्यावर परतून घेऊ. फक्त त्यांना मीठ लावू नका, मिठाने व्हॉल्व्हच्या पायांना गंज चढतो. तुम्ही विसराल म्हणून पुन्हा सांगते: लाह्या भरपूर, आणि बिनमिठाच्या. मीठ आमच्याकडे आहे.